पॅप स्मिअरचा अहवाल असामान्य आला, म्हणजे नेमके काय झाले?

पॅप स्मिअरच्या अहवालावर एएससी-यूएस, एलएसआयएल, एचएसआयएल अशी इंग्रजी अक्षरे छापून येतात, आणि तो कागद हातात घेऊन समोर बसलेली स्त्री पहिला प्रश्न एकच विचारते, “मॅडम, मला कॅन्सर झालाय का?” तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, अहवाल वाचून होताच आधी त्याचेच उत्तर द्यायचे आणि बाकीचे सगळे नंतर बोलायचे, अशी सवयच मी लावून घेतली आहे. बहुतेक वेळा ते उत्तर “नाही ताई, हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही” असे असते. पण एवढ्यावर थांबले तर ऐकणारी निर्धास्त होऊन घरी जाते आणि पुढच्या तपासणीला येतच नाही, म्हणून दुसरे वाक्यही तेवढ्याच ठामपणे सांगावे लागते: हा कागद कपाटात ठेवून द्यायचा नाही. या दोन वाक्यांच्या मधे जे काही आहे, ते या लेखात सविस्तर सांगायचे आहे.

पॅप स्मिअरमध्ये गर्भाशयाच्या तोंडावरच्या काही पेशी हळूच घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही रोगाचे निदान करणारी तपासणी नाही, ती चाळणी आहे. तक्रार नसलेल्या हजारो स्त्रियांमधून कोणाची अधिक बारकाईने तपासणी करायला हवी, एवढेच ती सांगते. चाळणीवर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो, तो फक्त हाताने निवडून पाहावा लागतो. ग्रीक डॉक्टर जॉर्ज पापानिकोलाउ यांनी १९२८ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली, तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४० च्या दशकात ती मान्य झाली आणि त्यांच्याच नावाचा पहिला तुकडा तिला चिकटला.

गर्भाशयाला आपल्याकडे सगळ्याच ‘पिशवी’ म्हणतात, म्हणून तोच शब्द घेऊन सांगते. या पिशवीचे तोंड योनिमार्गात उघडते. तोंडाच्या बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे, थरावर थर असलेले आवरण असते, तर आतल्या नळीत उंच, चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशींचा एकेरी थर असतो. ही दोन्ही आवरणे जिथे भेटतात तिथे एका प्रकारच्या पेशींचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर सतत चालू असते, आणि ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, नेमका याच पट्ट्यात मुक्काम करतो. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांच्या मुळाशी हा विषाणू असतो, आणि त्याच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ या क्रमांकांचे दोनच प्रकार जगातल्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या आजाराला कारण ठरतात. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या विषाणूची जी बाजू सहसा कोणी सांगत नाही, ती लक्षात घ्यायला हवी. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा एचपीव्हीचा संसर्ग होतो, आणि दहापैकी साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत कोणत्याही औषधाशिवाय निघून जातो. ज्या थोड्याजणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या पेशींत हळूहळू बदल होऊ लागतात. आणि त्या बदलांपासून कर्करोगापर्यंतचा प्रवास, प्रतिकारशक्ती चांगली असेल तर, साधारण १५ ते २० वर्षांचा असतो. असामान्य अहवाल हा बहुधा या लांबलचक वाटेवरच्या सुरुवातीच्या एखाद्या टप्प्यावर मिळतो. एवढी मोठी सवड देणारे कर्करोग फार थोडे आहेत, आणि भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक कर्करोग नोंदणीचा अंदाज वाचताना मला म्हणूनच अधिक वाईट वाटते.

अहवालातल्या अक्षरांकडे वळू. सर्वांत साधा शेरा एनआयएलएम हा असतो. त्याचा अर्थ कर्करोगपूर्व बदल दिसला नाही. घोळ होतो तो त्याच्या पुढे ‘इन्फ्लमेटरी स्मिअर’ असे लिहिलेले असते तेव्हा. ‘पिशवीला सूज आहे’ असे त्याचे भाषांतर होते, आणि त्या सूजेची भीती मनात घेऊन स्त्रिया वर्षानुवर्षे गोळ्यांचे कोर्स करत राहतात. वस्तुतः ही दाहाची, क्वचित एखाद्या साध्या जंतुसंसर्गाची खूण असते. अंगावरून पांढरे जाणे, खाज, दुर्गंधी अशी तक्रार असेल तर तिचे कारण शोधून उपचार करावेत, पण हा कर्करोगपूर्व बदल नाही. ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ असे आले तर नमुन्यात पुरत्या पेशी आल्या नाहीत किंवा त्या रक्ताने झाकल्या गेल्या. अशा वेळी तपासणी दोन ते चार महिन्यांत पुन्हा करायची असते. पाळी चालू नसताना आणि आधीचे दोन दिवस योनिमार्गात औषध न घालता व संबंध न ठेवता गेल्यास नमुना चांगला मिळतो.

एएससी-यूएस म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या, पण त्या का वेगळ्या आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली ठामपणे सांगता आले नाही. असामान्य अहवालांत हाच सर्वांत जास्त आढळतो. अशा वेळी एचपीव्हीची तपासणी फार उपयोगी पडते: विषाणू नसेल तर काळजीचे कारण उरत नाही आणि पुढची तपासणी काही वर्षांनी केली तरी चालते, विषाणू असेल तर दुर्बिणीने, म्हणजे कोल्पोस्कोपीने (ती कशी होते ते पुढे सांगते), पाहायचे. एचपीव्ही तपासणीची सोय नसेल तर सहा महिने ते वर्षभराने स्मिअर पुन्हा करतात. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये केवळ संप्रेरकांच्या अभावाने पेशी सुकलेल्या असतात आणि तरीही हा शेरा येऊ शकतो. काही आठवडे इस्ट्रोजेनचे मलम वापरून पुन्हा घेतलेला नमुना पुष्कळदा स्वच्छ निघतो.

एलएसआयएल हा सौम्य बदल आहे आणि तो बहुधा ताज्या एचपीव्ही संसर्गाचा पडसाद असतो. एचएसआयएल मात्र वेगळी गोष्ट आहे. यात पेशींची ठेवण बरीच बिघडलेली असते. हाही कर्करोग नव्हे, पण ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणण्याजोगाही नव्हे. एएससी-एच असा शेरा आला, म्हणजे अशा मोठ्या बदलाची शंका आली, तरी वागायचे तसेच: काही आठवड्यांच्या आत दुर्बिणीची तपासणी. एजीसी हा शेरा क्वचित येतो, पण तो आतल्या नळीतल्या किंवा पिशवीच्या अस्तरातल्या ग्रंथीपेशींबद्दल असतो, म्हणून तिथला नमुनाही घ्यावा लागतो.

हल्ली शिबिरांमध्ये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्मिअरऐवजी ‘व्हीआयए’ ही सोपी तपासणी केली जाते. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. तिचा निकाल लगेच मिळतो, हा मोठा फायदा. पण डाग दिसलेल्या अनेकजणींमध्ये पुढे काहीच निघत नाही, हेही तितकेच खरे. या साध्या पद्धतीचे मोल मुंबईने जगाला दाखवले. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्री कार्यकर्त्यांना शिकवून झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला, आणि तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. त्याआधी, २००९ मध्ये, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा तो अभ्यास होता, आणि आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे त्यात दिसले. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीला प्राधान्य द्यायला सांगते, त्यामागच्या पुराव्यात मराठवाड्यातल्या या बायकांचा वाटा मोठा आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

असामान्य अहवालानंतरची पायरी बहुतेक वेळा कोल्पोस्कोपीची असते. या शब्दानेच हातपाय गळतात, म्हणून ती कशी होते ते जवळून सांगते. कोल्पोस्कोप म्हणजे उभ्या दांड्यावर बसवलेली दुर्बीण. ती शरीरात जात नाही, बाहेर हातभर अंतरावरच राहते. स्मिअरच्या वेळी लावतात तोच साधा स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा ठेवणारे उपकरण, लावला जातो. कापसाच्या बोळ्याने तीन ते पाच टक्क्यांचे ॲसिटिक आम्ल पुसले जाते. व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल, थोडे चुरचुरते. मग आम्ही थांबतो. गुलाबी, ओलसर तोंडावर, जिथे पेशी बिघडलेल्या असतील तिथे, मिनिटभरात पांढुरका चट्टा उमटू लागतो. सौम्य बदल असेल तर तो फिकट, कडा विरघळलेल्या अशा स्वरूपाचा असतो आणि लवकर मावळतो. मोठा बदल असेल तर चट्टा दाट, ठसठशीत कडांचा असतो आणि बराच वेळ टिकतो. त्यानंतर आयोडीन लावले की निरोगी भाग गडद तपकिरी होतो आणि बिघडलेला भाग मोहरीसारखा पिवळा राहतो. दुर्बिणीला टीव्हीसारखा पडदा जोडलेला असेल तर मी तो रुग्णाच्या बाजूला वळवते. आपल्याच शरीराचा हा भाग आयुष्यात पहिल्यांदा पाहणारी स्त्री काही क्षण गप्प होते आणि मग बहुतेक वेळा एवढेच म्हणते, “एवढुसाच आहे होय!” मनात वाढवलेले संकट पडद्यावर नखाएवढे दिसते, तेव्हा श्वास मोकळा होतो.

शंका वाटली तर चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. एखादी कळ येते, पाळीत पोटात दुखते तशी. रक्त थांबवायला लावलेल्या औषधामुळे दोन-तीन दिवस चहाच्या भुकटीसारखा काळपट स्राव जातो; त्याला घाबरू नये. ताजे लाल रक्त पाळीपेक्षा जास्त जाऊ लागले, ताप आला किंवा घाण वास येऊ लागला, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

खरे निदान करणारा कागद तो हा, बायोप्सीचा. त्यावर सीआयएन, म्हणजे पेशींतला कर्करोगपूर्व बदल, आणि त्यापुढे १, २ किंवा ३ असे आकडे येतात. ‘थर्ड स्टेज’ असा त्यांचा अर्थ लावून रडत आलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, म्हणून स्पष्ट सांगते की, हे आकडे कर्करोगाच्या टप्प्यांचे नाहीत. पेशींच्या आवरणाची किती जाडी बिघडली आहे, एवढेच ते दाखवतात. सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप नाहीसा होतो, त्यावर लक्ष ठेवणे पुरते. सीआयएन २ मध्ये वय आणि पुढे मूल हवे आहे का याचा विचार करून ठरवले जाते. सीआयएन ३ वर उपचार करायचेच असतात, आणि ते का, याचे उत्तर न्यूझीलंडमधल्या एका दुःखद प्रकरणात मिळते. ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९५५ ते १९७६ या काळात हे निदान झालेल्या काही स्त्रियांवर पुरेसे उपचार करण्यात आले नाहीत आणि त्यांना ते नीट सांगितलेही गेले नाही. २००८ मध्ये त्यांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, अपुरे उपचार मिळालेल्यांपैकी ३० वर्षांत सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कर्करोग झाला. व्यवस्थित उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. वाट पाहणे केव्हा योग्य आणि केव्हा नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

उपचार मात्र नावाइतके भयंकर नसतात. बदललेला भाग लहान आणि पूर्ण दिसणारा असेल तर तो उष्णतेने किंवा अतिथंड वायूने तिथेच नष्ट करता येतो. नाहीतर ‘लीप’ या पद्धतीने, जागा बधिर करून, विजेच्या बारीक तारेच्या फासाने तो भाग कापून काढतात. काम काही मिनिटांचे असते, बहुतेकजणी त्याच दिवशी घरी जातात आणि काढलेला भाग पुन्हा तपासायला मिळतो. त्यानंतर तीन-चार आठवडे संबंध टाळायचे, विहिरीत किंवा तलावात पोहायचे नाही आणि जड वजन उचलायचे नाही. मूल होण्याची क्षमता सहसा जात नाही, पण खोलवर कापले असल्यास पुढच्या गरोदरपणात वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून नाव नोंदवताना ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी. अहवाल गरोदरपणातच आला तर दुर्बिणीची तपासणी सुरक्षितपणे करता येते, आणि कर्करोगाची शंका नसेल तर उपचार प्रसूतीनंतर केले जातात. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना मात्र या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि कमी अंतराने व्हायला हवी.

इथे एका गोष्टीवर मला थांबावेच लागेल. “पिशवीला कॅन्सर व्हायच्या आत पिशवीच काढून टाका” हा सल्ला महाराष्ट्रात आजही दिला जातो, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनाही तो पटतो, कारण ‘मुलं झाली, आता पिशवीचं काम काय’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली; कर्करोगाची भीती घालून पिशवी काढल्याचे अनेकींनी तेव्हा बोलून दाखवले होते. असामान्य स्मिअर हे एवढ्यावरून पिशवी काढण्याचे कारण नाही. सीआयएनच्या उपचारातही ती पहिली पायरी नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, बायोप्सी न करता साधी शस्त्रक्रिया केली आणि आत खरोखर कर्करोग लपलेला असला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. सोबत अंडाशयही काढले असतील तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास आणि हाडांची झीज वाट्याला येते. म्हणून असा सल्ला मिळाला तर “माझी कोल्पोस्कोपी झाली आहे का? बायोप्सीचा कागद कुठे आहे?” हे दोन प्रश्न विचारावेत आणि जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. तसे करण्यात कोणाचाही अपमान नाही.

अहवालाने शरीरापेक्षा घर जास्त हादरते, असे कधी कधी होते. विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळले की, “मग हा आला कुठून?” हा प्रश्न नवरा-बायकोच्या मधे येऊन बसतो. एचपीव्ही शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो, आणि तो केव्हा व कोणाकडून आला हे कोणत्याही तपासणीने सांगता येत नाही. एकाच जोडीदारासोबत वीस वर्षे संसार केलेल्या स्त्रीमध्येही तो सापडतो. तो तिच्या चारित्र्याचा पुरावा नाही आणि नवऱ्याच्याही नाही. शक्य असेल तेव्हा मी दोघांना एकत्र बसवून हे सांगते, कारण तिने घरी जाऊन सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यात घरातली माणसे फरक करतात. नवऱ्याला गोळ्या देण्याचा काही उपयोग नसतो. विडी-सिगारेट मात्र सोडायला लावावी, कारण धूम्रपानाने विषाणू शरीरात रेंगाळतो.

तपासणी आणि तिचा निकाल यांमधले आठ-पंधरा दिवस सर्वांत जड जातात. झोप उडते, मुलांकडे पाहून डोळे भरून येतात, मोबाइलवर वाचलेले प्रत्येक वाक्य आपल्याचबद्दल आहे असे वाटते. हे वाटणे खरे आहे, त्याला ‘उगाच घाबरते’ म्हणून हिणवू नये. बहीण, जाऊ, मैत्रीण, जिच्यापाशी मन मोकळे होते अशा एकीला तरी सांगावे आणि तपासणीला तिला बरोबर न्यावे. घाबरलेल्या माणसाच्या कानांवर निम्मेच पडते, उरलेले निम्मे ती ऐकते. प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत: माझ्या अहवालावर नेमका कोणता शेरा आहे, एचपीव्ही तपासणी झाली आहे का, पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, आणि तोवर कोणते लक्षण दिसले तर थांबायचे नाही. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठी एकच आहे. संबंधांनंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव किंवा रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तर आधीचा स्मिअर कितीही चांगला आलेला असो, तपासून घ्यायचे.

लस या संसर्गावरचा उपचार नाही, हेही सांगून ठेवते. शरीरात असलेला विषाणू ती घालवत नाही. तिचा खरा उपयोग ९ ते १४ वर्षांच्या मुलींना, म्हणजे अहवाल घेऊन आलेल्या बाईच्या लेकीला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ मध्ये देशात मान्यता मिळाली आहे.

उपचारानंतर सहा महिन्यांनी ते वर्षभराने एचपीव्ही तपासणी, आणि मोठा बदल काढलेला असेल तर पुढे निदान वीस-पंचवीस वर्षे ठरावीक अंतराने तपासणी, असा हा लांबचा हिशेब आहे. आमच्या भागातल्या बायका दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्यामुळे तारीख देताना मी आधी “गाडी कधी निघणार?” असे विचारते आणि सहा महिन्यांची तारीख पुढे-मागे सरकवते. बायोप्सीचा कागद रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगते, आणि खोलीतून बाहेर पडण्याआधी त्याचा फोटो तिच्या किंवा तिच्या मुलाच्या मोबाइलमध्ये काढून देते, म्हणजे सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर असताना काही त्रास झाला, तर तिथल्या डॉक्टरांपुढे तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.